अकरा नंबरचा पाहुणा आणि पनाइतचे कपडे

बुखारेस्टला शुक्रवारी येऊन रविवारी परत जाणारी माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी वेतुरियाचं तोंड बघतात. तिसऱ्या मजल्यावरचा अकरा नंबरचा फ्लॅट दोन-दोन रात्रींसाठी भाड्याने जातो. मालक जर्मनीत. किल्ल्या वेतुरियाकडे, चादरी वेतुरियाकडे, तुंबलेलं बेसिनही वेतुरियाकडेच. ती बारा नंबरमध्ये राहते, मी तेरात. त्या फ्लॅटमध्ये काय चालतं ते मला भिंतीतून ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते ती कॉफी प्यायला येऊन सांगते.

पाहुणे तरी कसले एकेक. लग्नाआधी शेवटचा धिंगाणा घालायला आलेली पोरं, नवऱ्यांना घरी ठेवून आलेल्या मैत्रिणी, आणि अलीकडे सगळ्यात जास्त म्हणजे दात बसवून घ्यायला आलेले इटालियन. आमचे दाताचे डॉक्टर स्वस्त आणि हाताला चांगले. शुक्रवारी हसत येतात, रविवारी सुजलेले गाल घेऊन जातात. वेतुरिया नुसत्या चादरी बघून सांगते, हा रडला, ही झोपलीच नाही, या दोघांचं काही खरं नाही. मी तिला म्हणते, बाई, तू पोलिसात जायला हवं होतंस, फुकट चादरी धूत बसलीस.

मी स्वतः अकरा वर्षं इटलीत काढली, लोकांचे म्हातारे सांभाळत. त्यांची लंगोटं बदलता बदलता त्यांची भाषा शिकले. म्हणून इटालियन आला की वेतुरिया माझं दार ठोठावते आणि म्हणते, "लिओन्तिना, ऊठ, तुझा माणूस आलाय."

आता पनाइतचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पनाइत म्हणजे वेतुरियाचा नवरा. ट्रामच्या डेपोत फिटर होता. ताडमाड उंच, अंगावर मांस नाही, हात नको तितके लांब. आमच्या मजल्यावर जिन्यापाशी गरम पाण्याचा पाइप आडवा गेलाय, त्याखालून जाताना तो मान डावीकडे कलती करायचा. आणि लाजाळू किती म्हणाल? बेचाळीस वर्षं संसार केला, पण बायकोसमोर सदरा बदलायचा झाला तर दिवा मालवायचा किंवा बाथरूममध्ये जायचा. उन्हाळ्यात सगळे बाप्ये बनियनवर बाल्कनीत बसलेले असायचे, हा मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून. आम्ही बायका चेष्टा करायचो. वेतुरियासुद्धा करायची.

आमच्याकडे जरा वय झालं की माणूस आपले शेवटचे कपडे बाजूला काढून ठेवतो. पनाइतने निवृत्तीच्या वेळचा करडा सूट ठेवला होता. पांढरा शर्ट, काळा ओव्हरकोट, काळे बूट. वेतुरियाने ते सगळं एका पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. त्या मोठ्या साथीच्या वर्षी, नोव्हेंबरात, त्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं. बाराव्या दिवशी फोन आला. तिचा पुतण्या पिशवी घेऊन हॉस्पिटलच्या फाटकावर गेला, तर त्यांनी ती आत घेतलीच नाही. तेव्हा नियमच तसे होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पेटी बंद केली, वर शिक्का मारला. अंघोळ नाही, कपडे नाहीत. पाद्रीबाबांनी लांबूनच पाणी शिंपडलं. पुतण्या पिशवी जशीच्या तशी घरी घेऊन आला. वेतुरियाने ती उघडून बघितली आणि परत फळीवर ठेवली.

चाळीस दिवस झाले आणि पनाइत यायला लागला.

तिने मला हे बऱ्याच उशिरा सांगितलं. स्वप्नात तो पुढच्या खोलीत, चपला-बुटांच्या घडवंचीपाशी उभा असतो. अंगावर काही नाही. दोन्ही हात पुढे धरून स्वतःला झाकतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. बोलत नाही, मागत नाही, तिच्याकडे बघत नाही. ती हाक मारते तर आणखी अंग चोरतो. हे सांगताना वेतुरियाला रडू आलं नाही, संताप आला. म्हणाली, मला सांग, दुसऱ्या कुणाला नागडं पाठवलं असतं तर त्याने शिव्या तरी दिल्या असत्या. याला पाठवलं. यालाच.

गेलेल्या माणसाला काही पोचवायचं तर आमच्यात ते जिवंत माणसाच्या हातात द्यायचं असतं. ताट, पेला, चादर, कपडे, जे काय असेल ते, आणि सोबत पेटलेली मेणबत्ती. याला पोमाना म्हणतात. घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात, 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं असतं, म्हणजे देव त्याला क्षमा करो. त्याने ते घातलं, वापरलं, की तिकडे पोचलं. माझा यावर विश्वास आहे की नाही ते विचारू नका. मी माझ्या आईच्या नावाने दर वर्षी दोन ताटं देते, एवढं सांगते.

तर तिने सूट दिला. चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या आणि घंटा वाजवणाऱ्या माणसाला. तो तोंडभरून बोगदाप्रोस्ते म्हणाला, आणि दोन आठवड्यांनी जुन्या बाजारात पनाइतचा सूट तारेवर लटकलेला वेतुरियाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. कोट, बूट, सगळंच तिथे. तिने भांडण केलं नाही, सगळं परत विकत घेतलं, घरी आणून धुतलं. त्यानंतर तिने ठरवलं की आता कपडे अशाच माणसाला द्यायचे जो तिच्यासमोर ते अंगात घालून रस्त्यावर जाईल. पण पनाइतच्या मापाचा माणूस आणायचा कुठून? चौथ्या मजल्यावरच्या मिर्चाने घालून बघितला, बाह्या बोटांच्या खाली आणि पँट जमिनीवर. तीन हिवाळे गेले. पाद्रीबाबा म्हणाले, बाई, प्रार्थना केली आहे, तेवढी पुरे, घरी जा. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगावर कोट आहे म्हणून तुम्हाला पुरे वाटतं."

जानेवारीतला शुक्रवार. बाहेर उणे बारा. संध्याकाळी अकरा नंबरला एक इटालियन आला. एर्मेस तोनोल्ली, त्रेंतोकडचा, साठीतला, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. शनिवारी सकाळी दोन दात, दुपारी आराम, रविवारी परत, असा बेत. सामान विमानतळावर आलंच नव्हतं. अंगात एक पातळ जाकीट, पायात कापडी बूट. मी जिन्यात पोचले तेव्हा वेतुरिया पायरीवर बसलेली होती आणि किल्ल्या खाली पडल्या होत्या. मला वाटलं चक्कर आली. तिने नुसतं बोट दाखवलं. तो माणूस पुढे पाठमोरा चालला होता. पाइप आला तशी त्याने मान डावीकडे कलती केली.

मी त्याला हीटर कसा लावायचा, गरम पाणी कुठून येतं ते सांगितलं. तो बिचारा गारठला होता. सामान उद्या-परवा येईल म्हणतात, असं म्हणाला. वेतुरिया दारात उभी राहून त्याचे हात, त्याचे खांदे मोजत होती. मला खरं तर तेव्हाच समजायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी बाजारात गेले आणि नेमकं तेवढ्यात हिने कार्यभाग उरकला. परातीत सूट, शर्ट, वर ओव्हरकोट, बाजूला बूट, आणि हातात पेटलेली मेणबत्ती. अकरा नंबरची बेल वाजवली, "पनाइतसाठी" म्हणाली आणि परात पुढे केली. पेटलेली मेणबत्ती आणि कपडे समोर धरले की आमच्या इथलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. त्यामुळे आणखी काही सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, घरमालकीण दयाळू आहे, थंडीचं उसनं घालायला देते आहे, आणि दिवे जाणार असतील म्हणून मेणबत्तीही आणली आहे. तो म्हणाला, "ग्रात्सिए, ग्रात्सिए," म्हणजे नुसतेच आभार. तिला वाटलं, त्यांच्या भाषेत बोगदाप्रोस्तेला असं म्हणत असतील.

मी अंडी आणि कोबी घेऊन कोपऱ्यावरून वळले आणि समोरून पनाइत चालत आला. खोटं सांगत नाही. तोच कोट, तेच लांब हात, गळ्यापर्यंत बटणं, धुकट सकाळ. माझी अंडी गेली. तळमजल्यावरची आजी खिडकीत होती, तिने छातीवर क्रॉसची खूण केली आणि पडदा ओढला. तो जवळ आला, टोपी उचलली, डॉक्टरकडे कुठल्या रस्त्याने जायचं ते विचारलं. मी इटालियन विसरले. हातानेच रस्ता दाखवला.

रविवारी सकाळी वेतुरिया माझ्याकडे आली ती गालांवर लाली घेऊन. तीन वर्षांत तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. म्हणाली, काल आला नाही. मी वाट बघत पडले होते, आला नाही, आणि मग मला झोपच लागली, उजाडेपर्यंत. मी म्हटलं, चल, सुटलीस. तिच्या घरी जाऊन आम्ही कॉफी टाकली. तिने पाहुण्यासाठी कोबीचे रोल केले होते, मऊ, सुजलेल्या तोंडाने खाता येतील असे.

बाराच्या सुमाराला बेल वाजली. एर्मेस दारात. अंगात त्याचंच उबदार जाकीट, मागे त्याची बॅग, सकाळीच पोचती झालेली. आणि हातात परात. परातीत करडा सूट, इस्त्री करून, घडी घालून. शर्ट धुतलेला. कोट ब्रशने झाडलेला, बाजूला बूट. वर चॉकलेटचा डबा आणि पाकिटात सुटाच्या धुलाईचे म्हणून पन्नास लेइ. असा नीट माणूस मी इटलीत अकरा वर्षांत बघितला नाही, आणि नेमका तो आमच्याच नशिबी आला.

वेतुरियाचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. तिने हात मागे घेतले. परात घेईना.

मला म्हणाली, "याला सांग. सगळं सांग."

मी त्याला सांगितलं, ही म्हणते कपडे तुम्हीच ठेवा, भेट आहे. तो म्हणाला छे छे, इतकी चांगली वस्तू, शिवाय बॅगेत जागा नाही. मी पुन्हा म्हटलं, घ्या, तिला बरं वाटेल. तो हसून मान हलवत राहिला.

का नाही सांगितलं मी? लाज वाटली, हे खरं कारण. अकरा वर्षं त्या लोकांच्या घरात राहिले. आईच्या वर्षाला मेणबत्ती लावली म्हणून एका मालकिणीने शेजारणीला बोलावून दाखवलं होतं, बघा बघा, आमची बाई भुतांशी बोलते. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी यातलं काही काढत नाही. मी शिकलेली, जग बघितलेली बाई आहे असं त्यांना वाटावं, एवढंच मला हवं असतं. मरणाची हौस आहे मला त्याची.

वेतुरिया त्याचं तोंड बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं ना."

"पनाइतचं नाव मला ऐकू आलं नाही, लिओन्तिना. कुठल्याही भाषेत त्याचं नाव पनाइतच असणार."

खाली टॅक्सी आलेली होती, हॉर्न वाजला. मी त्या माणसाला म्हटलं, आत या, बसा. आणि मग सांगितलं. नीट सांगितलं, काही न गाळता. पनाइत कोण, त्याला कसं नेलं, पिशवी फाटकावरून कशी परत आली. तो बायकोसमोरही कसा सदरा काढत नसे. आता तो तिथे घडवंचीपाशी कसा उभा राहतो, हात पुढे धरून. तुम्ही कपडे परत आणलेत म्हणजे तिच्या दृष्टीने त्याच्या अंगावरून उतरवून आणलेत, हेही सांगितलं.

तो हसला नाही. त्याने घडवंचीकडे बघितलं. मग विचारलं, "मी काय करायचं असतं?"

मी म्हटलं, घालायचं, घेऊन जायचं, आणि एक शब्द म्हणायचा. परात उचलून तो वेतुरियाच्या बाथरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या. टॅक्सीवाला दुसऱ्यांदा ओरडला, मी खिडकी उघडून त्याला चार शब्द ऐकवले. एर्मेस बाहेर आला तो करड्या सुटात, ओव्हरकोटात, गळ्यापर्यंत बटणं. वेतुरियाने मेणबत्ती पेटवली, त्याच्या हातात दिली. त्याचा एक गाल अजून सुजलेला होता, शब्द तिरका बाहेर आला, पण आला. बोगदाप्रोस्ते. दोनदा म्हणाला.

मग त्याने बूट हातात धरून माझ्याकडे बघितलं, अगदी ओशाळून. मोजा खाली केला. टाच सोलून निघाली होती, शनिवारीच, डॉक्टरकडे जाता-येता. म्हणाला, हे मात्र मला जमायचे नाहीत, एवढा विमानतळ चालायचा आहे, बाईंना सांगा, मला माफ करा. मी सांगितलं. वेतुरियाने त्याच्या टाचेकडे बघितलं, आत जाऊन पट्टी आणली, गुडघ्यावर बसून स्वतः लावली आणि बूट त्याच्या हातातून काढून घेतले. कोबीचे रोल डब्यात भरून दिले. तो गेला. खिडकीतून आम्ही बघितलं, पनाइतचा कोट टॅक्सीत वाकून बसला आणि टॅक्सी ट्रामच्या रुळांवरून निघून गेली.

पुढचे आठ-दहा दिवस मी मुद्दाम विचारलं नाही. अकरा नंबरमध्ये नवे पाहुणे आले, गेले, चादरी वाळल्या. शेवटी मला राहवेना. मी तिच्याकडे गेले आणि सरळ विचारलं, येतो का गं अजून?

"येतो," ती म्हणाली. "सगळं घातलेलं असतं. सूट, कोट, बटणं. पायात काही नाही. तसाच तिथे उभा राहतो."

मी म्हटलं, मग बसलीस काय. बुटाचा नंबर त्रेचाळीस, त्रेचाळीसचे पाय बुखारेस्टमध्ये गल्लोगल्ली आहेत. मिर्चाचे पायही त्रेचाळीसच आहेत, मी आत्ता जाऊन विचारते. बुटांशिवाय त्याला तिकडच्या वाटेने पुढे चालता येत नाही, हे मी तुला सांगायचं का?

ती कपबशी पुसत होती. पुसून झालेलीच पुन्हा पुसत होती.

"आता माझ्याकडे बघतो," ती म्हणाली. "तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून होता. आता कपडे आहेत ना अंगावर, लाज गेली. माझ्याकडे बघतो, लिओन्तिना. परवा हसला."

मी म्हटलं, अगं, पण तो अडकलाय. तू अडकवून ठेवला आहेस त्याला. हे बरं नाही, तुला पाप लागेल.

"माहीत आहे मला. बूट दिले की तो जाईल. देईन. लगेच नाही."

मी रागावले. खरंच रागावले, आवाज चढवला. म्हटलं, जानेवारी आहे, फरशी बर्फासारखी आहे, आणि तू त्या माणसाला अनवाणी उभा ठेवतेस? लाज वाटते का तुला?

तिने पुढच्या खोलीकडे मान वळवली. मी येताना बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. घडवंचीपाशी फरशीवर तिने लोकरीचा जाड गालिचा अंथरला होता, बिछान्याजवळचा, लाल फुलांचा, दुहेरी घडी करून. आणि शेजारी काळे बूट होते, नुकतंच पॉलिश केलेले.

मिर्चाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिच्याकडे रोज जाते, कॉफी पिते. जाता-येता त्या गालिच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून चालते.